डोंगराला मृत्यूचा दाखला कोणी दिला?

माझी आजी रात्री चूल विझवीत नसे. शेवटची भाकरी उतरली की दोन चांगले निखारे ती मागे ओढी, त्यांच्यावर राख लोटी आणि वर एक फुटके खापर पालथे घाली. सकाळी तेच निखारे फुंकून चहाचे आधण ठेवायचे, म्हणजे काडेपेटीतली एक काडी वाचली! पाच-सहा वर्षांचा असताना मी एकदा पहाटे ते खापर उचलले आणि गार दिसणाऱ्या राखेत खुशाल हात घातला. फोड चांगला आठ दिवस पुरला. आजी रागावली नाही. एवढेच म्हणाली, "आरं पोरा, राख गार दिसली म्हंजी चूल गार झाली का? आधी वरनं हात धरून बघावं, मग आत घालावा."

पुढे मी मास्तर झालो आणि ज्वालामुखीचा धडा वर्षानुवर्षे शिकवीत आलो. आज प्रामाणिकपणे सांगतो, त्या धड्यात जे कधी आले नाही ते आजीच्या या वाक्यात होते.

हे लिहिण्याचा तुमचा अधिकार कोणता, असे कोणी विचारील. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. तळेगाव दाभाड्यास राहतो, मुलांना शिकवतो आणि उरल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. भूगर्भशास्त्राची पदवी माझ्यापाशी नाही. परंतु हे भांडण दगडापेक्षा शब्दाचे अधिक आहे, आणि शब्द जपून वापरले जातात की नाही हे पाहणे मास्तराचे काम आहे आणि कादंबरीकाराचेही. तो शब्द म्हणजे 'मृत'.

ज्वालामुखीचे तीन प्रकार आपण सर्वांनी घोकले आहेत: जागृत, निद्रिस्त आणि मृत. जो आज ओकतो तो जागृत, जो पूर्वी ओकत असे पण सध्या गप्प आहे तो निद्रिस्त, आणि जो फार फार दिवस गप्प आहे तो मृत. मुले हे पाठ म्हणतात, आम्ही गुण देतो, आणि दोघेही सुटतो. काही वर्षांमागे मात्र सातवीतल्या एका मुलीने मला अडवले. म्हणाली, "गुरुजी, निद्रिस्त किती दिवस झोपला म्हणजे मृत होतो?" मी म्हणालो, "पुष्कळ दिवस." ती म्हणाली, "पुष्कळ म्हणजे किती?" तेवढ्यात तास संपल्याची घंटा झाली आणि मी सुटलो. पण घरी जाताना प्रश्न माझ्याबरोबर चालत आला. कारण, वाचकहो, या प्रश्नाला त्या धड्यात उत्तरच नव्हते. आफ्रिकेतील किलिमांजारोला आम्ही सर्रास 'मृत' म्हणून शिकवले, आणि त्याच्या किबो नावाच्या शिखराच्या तोंडातून अजूनही गंधकाची वाफ निघते! श्वास चालू असलेल्या माणसाला तिरडीवर बांधण्यासारखेच की हे.

हा विषय आताच उकरून काढण्याचे कारण २०२५ च्या नोव्हेंबरात घडले. त्या महिन्याच्या २३ तारखेला इथिओपियातील हायली गुब्बी नावाचा ज्वालामुखी फुटला. त्याचा एकही उद्रेक माणसाच्या नोंदीत नव्हता; गेल्या दहा-बारा हजार वर्षांत तो फुटलाच नाही, असे समजले जात होते. त्याची राख आकाशात कित्येक किलोमीटर चढली, तांबडा समुद्र ओलांडून येमेन-ओमानवरून निघाली आणि दुसऱ्या दिवशी हिंदुस्थानच्या आकाशात आली. आपल्याकडची काही विमाने रद्द करावी लागली. ज्या डोंगराचे नाव आदल्या दिवसापर्यंत आपल्यापैकी कोणी ऐकले नव्हते, त्याची राख आपल्या डोक्यावरून गेली.

त्या आठवड्यात तळेगाव स्टेशनाजवळच्या चहाच्या टपरीवर मी दोन पक्ष पाहिले. पहिला पक्ष म्हणत होता, "छे! बारा हजार वर्षांनी कोणी जागे होत असते का? वर्तमानपत्रवाल्यांना काहीतरी हवे असते." दुसऱ्या पक्षाच्या हातात मोबाइल होता आणि मोबाइलवर निरोप आला होता की, आता सह्याद्रीची पाळी, सह्याद्री हा मुळात ज्वालामुखीच, तो बारा हजार वर्षांनी उठू शकतो तर हाही उठेल! एकाने तर लोणावळ्याजवळचा प्लॉट विकावा की काय, असा सल्ला मला विचारला. मास्तराला लोक एरवी काही विचारीत नाहीत. प्लॉटविषयी तर नाहीच नाही.

वरवर पाहता हे दोन पक्ष एकमेकांच्या उलट आहेत. पण माझे म्हणणे असे की दोघांची चूक एकच आहे. दोघेही डोंगराचे जिवंतपण त्याच्या गप्पपणावरून मोजतात. एक म्हणतो, फार दिवस गप्प आहे म्हणून मेला. दुसरा म्हणतो, तोही गप्प होता आणि उठला, म्हणून हाही उठेल. राखेखाली काय आहे, हे पाहायला दोघेही तयार नाहीत.

डॉक्टर मृत्यूचा दाखला कसा लिहितो? 'हा इसम बरेच दिवस बोललेला नाही, सबब मृत' असे तो लिहीत नाही. तो नाडी पाहतो, छातीला नळी लावतो, डोळ्यांत उजेड टाकतो. माणसाच्या बाबतीत एवढी काळजी आणि एका फुंकरीत गावेच्या गावे पुरणाऱ्या डोंगराच्या बाबतीत नुसती तारीख-वार पाहायची, हा कुठला न्याय?

त्यातून आपली तारीख-वार पाहण्याची वही तरी केवढी! अंदमानातील बॅरन बेट घ्या. पूर्वीच्या पोर्ट ब्लेअरपासून, म्हणजे आताच्या श्री विजयपुरमपासून, ते सुमारे १३५ किलोमीटरवर आहे. त्याच्या उद्रेकाची पहिली नोंद १७८७ ची. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ते थंड झाले आणि मग जवळजवळ दीडशे वर्षे गप्प राहिले. या अवधीत इंग्रजांचे राज्य पक्के झाले आणि गेले, देश स्वतंत्र झाला, आपल्या चार-पाच पिढ्या जन्मून गेल्या. माणसाच्या हिशेबाने हा अनंतकाळच. १९९१ मध्ये ते बेट पुन्हा पेटले आणि त्यानंतर वारंवार पेटत आले आहे. डोंगराच्या हिशेबाने ती दीडशे वर्षे म्हणजे जेवणानंतरची वामकुक्षी!

त्याच १९९१ च्या जूनमध्ये फिलिपाइन्समधील पिनातुबो फुटला. तो सुमारे ५०० वर्षे गप्प होता. त्याच्या उतारावर रान माजले होते आणि माणसे सुखाने शेती करीत होती. एप्रिलमध्ये त्याने वाफ सोडली, जमीन हादरू लागली. तेव्हा तिथल्या आणि अमेरिकेच्या शास्त्रज्ञांनी 'हा इतकी शतके गप्प आहे' असे म्हणून हात झटकले नाहीत. त्यांनी यंत्रे लावली, नाडी धरली आणि हजारो लोकांना वेळेत खाली उतरवले. १५ जूनचा उद्रेक विसाव्या शतकातल्या सर्वांत मोठ्या उद्रेकांपैकी एक ठरला. शेकडो माणसे तरीही दगावली. पण डोंगराला मृत समजून सगळे स्वस्थ बसले असते तर किती दगावली असती, याचा विचार करवत नाही.

उलट कोलंबियातील नेवादो देल रुईझचे पाहा. १८४५ साली त्या डोंगरावरून चिखलाचा लोंढा आला आणि सुमारे १,००० माणसे गेली. पुढे त्याच वाळलेल्या चिखलावर आर्मेरो नावाचे गाव वसले आणि चांगले भरभराटीला आले. डोंगर पुन्हा कुरकुरू लागला, शास्त्रज्ञांनी धोक्याचा नकाशाही काढून दिला. तरी १३ नोव्हेंबर १९८५ च्या रात्री शिखरावरचे बर्फ वितळून लोंढा आला तेव्हा गाव घरातच होते. २०,००० हून अधिक माणसे गेली. गावाच्या पायाखालच्या जमिनीतच मागची हकिगत लिहिलेली होती. ती वाचायचे तेवढे राहून गेले.

आता दुसरी बाजू. माझ्या ओळखीचे एक सद्गृहस्थ मोठे व्यवहारी आहेत. ते म्हणतात, "मास्तर, उद्या तुम्ही प्रत्येक डोंगराला जिवंत म्हणाल. लोक घरेदारे सोडून पळत सुटतील. त्याचा खर्च कोण देणार?" हा आक्षेप खोटा नाही. १९७६ साली कॅरिबियन समुद्रातील ग्वादलूप बेटावर ला सूफ्रिएर नावाचा ज्वालामुखी धुमसू लागला. सुमारे ७०,००० माणसे कित्येक महिने घराबाहेर काढली गेली. मोठा उद्रेक काही झाला नाही. लोकांचे हाल झाले, सरकारला शिव्या पडल्या आणि शास्त्रज्ञ आपापसांत भांडले.

पण या आक्षेपात एक घोटाळा आहे. 'जिवंत' म्हणजे 'उद्या फुटणार' असे यात गृहीत धरले आहे. घरातल्या म्हाताऱ्याला जिवंत म्हटले म्हणजे तो उद्या उठून कुस्ती खेळणार असे कोणी समजत नाही. त्याच्या खोलीत अधूनमधून डोकावून यायचे, एवढाच त्याचा अर्थ. ज्वालामुखीला जिवंत मानणे म्हणजे गाव उठवणे नव्हे. पाळत ठेवणे, एवढेच ते. इराणातील तफ्तान हा ज्वालामुखी सुमारे सात लाख वर्षे फुटलेला नाही, असे मानतात. २०२३-२४ मध्ये त्याच्या माथ्याजवळची जमीन दहा महिन्यांत ९ सेंटिमीटर वर उचलली गेली, हे आकाशातल्या उपग्रहाने टिपले. आता तफ्तान उद्या फुटणार का? कोणी शहाणा माणूस असे म्हणणार नाही. पण ज्याच्या छातीचा भाता हलतो आहे त्याला मृत म्हणायचे का? तेही कोणी शहाणा म्हणणार नाही.

म्हणून माझा आग्रह असा: एकदा पेटलेला डोंगर जिवंत धरावा, आणि तो मेला हे सिद्ध करण्याचा भार मेला म्हणणाऱ्यावर टाकावा. गेल्या १०,००० वर्षांत फुटला असेल तर जिवंत, असा एक ठोकताळा शास्त्रात चालतो. यादी करायला तो सोयीचा आहे. पण सोय म्हणजे पुरावा नव्हे. पुरावा हवा तो खालचा. खाली वितळलेला खडक आहे का? जमीन फुगते आहे का? लहान लहान धक्के बसतात का? वाफेत कोणते वायू येतात? या चार प्रश्नांची उत्तरे घ्यावीत आणि मग खुशाल दाखला लिहावा.

इथे टपरीवरचा दुसरा पक्ष टाळ्या वाजवील. म्हणेल, "मग गुरुजी, आमचा सह्याद्रीही जिवंत धरा!" ठीक आहे. मी माझाच नियम माझ्याच डोंगराला लावतो.

दरवर्षी मी मुलांना घोरावडेश्वराच्या लेण्यांना नेतो. तिथला दगड काळा, तसाच कार्ल्याचा, भाज्याचा, बेडश्याचा. हा सगळा थिजलेला लाव्हा. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून तप्त रस दुधासारखा उतू गेला. थिजला, वर पुन्हा दुसरा थर आला, पुन्हा तिसरा. आजही सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर मुलूख त्याखाली आहे. घाटात जिथे रस्त्यासाठी डोंगर कापला आहे तिथे दोन काळ्या थरांच्या मध्ये कधीकधी विटेसारखा लाल पट्टा दिसतो. मी मुलांना तो पट्टा बोटाने दाखवतो. एक प्रवाह थिजल्यावर डोंगर गप्प बसला, इतका की वरचा दगड आणि राख हवापाण्याने कुजून त्यांची माती झाली. मग पुन्हा रस आला आणि त्याने ती माती विटेसारखी भाजून काढली. म्हणजे गप्प बसलेला डोंगर पुन्हा बोलतो, याची साक्ष आपल्या सह्याद्रीतच काळ्यावर लाल अक्षरांत लिहिली आहे.

तर मग हा शेवटचा गप्पपणाही तसाच कशावरून नसेल? कारण खाली हात धरून पाहिला आहे. ११ डिसेंबर १९६७ ला कोयनेचा मोठा भूकंप झाला. त्या भागात धक्के का बसतात हे शोधण्यासाठी पुढे आपल्या शास्त्रज्ञांनी खोल भोके पाडली. त्यांतले एक २०१७ पर्यंत ३ किलोमीटर खोल गेले. काय निघाले? सुमारे सव्वा किलोमीटर काळा दगड आणि त्याखाली फार फार जुना ग्रॅनाइट. उकळता रस नाही. कोयनेचे धक्के धरणाच्या पाण्याशी आणि खालच्या जुन्या भेगांशी बांधलेले आहेत, ज्वालामुखीशी नाहीत.

मग ती आग गेली कुठे? तिची गोष्ट मोठी मौजेची आहे. शास्त्रज्ञांचे मत असे की आग हलली नाही, हललो आपण. सह्याद्रीचा रस ओतला गेला तेव्हा आपली भूमी विषुववृत्ताच्या दक्षिणेला होती. पुढे ती इंचाइंचाने उत्तरेला सरकली. आग मात्र होती तिथेच राहिली आणि वरून सरकणाऱ्या समुद्रतळाला डाग देत गेली. लक्षद्वीप, मालदीव, मॉरिशस ही त्या डागांची रांग. आज ती हिंदी महासागरातील रियुनियन बेटाखाली आहे, आणि तिथला ज्वालामुखी सतराव्या शतकापासून दीडशेहून अधिक वेळा फुटला आहे. त्याचे फ्रेंच नाव 'पितों द ला फुर्नेझ', म्हणजे भट्टीचे शिखर. आमच्या तळेगावास भट्टी म्हणजे काय ते सांगावे लागत नाही. पैसा फंडाच्या काच कारखान्याची भट्टी इथे १९०८ सालची. भट्टी एका गावी आणि बरणी दुसऱ्या गावी, तसे हे झाले. सह्याद्री ही बरणी आहे. बरणीला भट्टीची भीती कसली?

कोणी म्हणेल, मग वज्रेश्वरीची, उन्हवऱ्याची गरम पाण्याची कुंडे? पृथ्वीच्या पोटात जसजसे खोल जावे तसतशी उष्णता वाढते. पावसाचे पाणी भेगांतून खोल उतरते, तापते आणि वर येते. त्याला ज्वालामुखी लागत नाही. आणि लोणारचे विवर? दिसते अगदी ज्वालामुखीचे तोंड, म्हणून पूर्वी तसे समजलेही जाई. पण ते अशनी आदळून पडलेले आहे. तात्पर्य, तोंडावळ्यावरही जाऊ नये आणि गप्पपणावरही.

तेव्हा सह्याद्रीच्या ज्वालामुखीचा मृत्यूचा दाखला मी आनंदाने सही करून देतो. कोट्यवधी वर्षांची शांतता हे त्याचे खरे कारण नाही. खालची चूलच दूर राहिली, हे कारण आहे. प्लॉट विकू नका!

की विकावा? कारण इथे मला त्या प्लॉटवाल्या गृहस्थांना एक निराळीच गोष्ट विचारावीशी वाटते. तुमचा प्लॉट डोंगराच्या कुशीत आहे. वरचा उतार कापला आहे का? पावसाळ्यात वरून पाणी कुठून वाहते? जमिनीला भेग आहे का? ते म्हणाले, "छे हो, तो डोंगर शेकडो वर्षांत हललेला नाही."

हे वाक्य ऐकले आणि माझ्या हाताचा जुना फोड ठणकला. ३० जुलै २०१४ च्या सकाळी आपल्याच पुणे जिल्ह्यातल्या आंबेगाव तालुक्यात माळीणवर डोंगर आला आणि दीडशेहून अधिक माणसे गेली. २२ जुलै २०२१ ला महाड तालुक्यातले तळीये, १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातली इर्शाळवाडी. तिथेही डोंगर पिढ्यान्‌पिढ्या गप्पच होता. लाव्हा मेला आहे. त्यावर कुजून झालेली माती आणि ढिला झालेला दगड मेलेला नाही. तो दर पावसाळ्यात पाणी पितो आणि जड होतो. किल्लारीला तर १९९२ पासून जमीन हादरून सांगत होती. पण दख्खनची भूमी स्थिर, हा आपला पाठ पक्का होता. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती विसर्जनानंतर निजलेली हजारो माणसे उठलीच नाहीत.

मेलेल्या आगीच्या निरोपाने आपली झोप उडते आणि जिवंत उताराखाली आपण घोरत पडतो, हे मला सोसत नाही. डोंगर कोणताही असो, आगीचा की मातीचा, 'आजवर काही झाले नाही' हा त्याच्याविषयीचा पुरावा नव्हे. ती फक्त आपली आठवण आहे, आणि आपली आठवण फार आखूड आहे.

त्या सातवीतल्या मुलीला मी उत्तर देणे लागत होतो. ती आता कॉलेजात आहे. गेल्या दिवाळीत फराळाला आली होती. अंगणात धाकटी मुले भुईनळे लावीत होती. एक भुईनळा थोडासा उडाला आणि मध्येच बसला. माझा नातेवाईकांतला एक सहा वर्षांचा वीर पणती घेऊन त्याच्यावर वाकायला निघाला, तेवढ्यात घरातून चार बायका एकदम ओरडल्या, "अरे, लांब हो! विझला नसेल तो!"

मी तिला म्हणालो, "बाई, तुझ्या प्रश्नाचे उत्तर हे. किती वेळ गप्प आहे हे त्या बघत नाहीत."

ती हसली, उठली आणि नळाखालून बादली भरून घेऊन आली.